पहिलं वाचन

पीयूष काळमेघने सुमेध तायडेचा गळा दाबला, तेव्हा परीक्षेच्या त्या खोलीत प्रत्येकाचेच हात कोणाच्या ना कोणाच्या गळ्यावर होते. फरक इतकाच की पीयूष कबड्डीत पकडीला उभा राहणारा गडी होता आणि सुमेधची मान बारीक होती. बाकीच्यांना ओरखडे आले, एकाचा दात पडला, एका मुलीचं मनगट मोडलं. सुमेध मेला.

शलाका निंभोरकर त्या वेळी समोरच्या चौथऱ्यावर उभ्या राहून स्पॅनिश उतारा वाचत होत्या.

परतवाड्याच्या सातपुडा परकीय भाषा विद्यापीठात शलाकाबाई स्पॅनिश शिकवायच्या. मेळघाटच्या पायथ्याशी स्पॅनिश कशाला, असं पूर्वी लोक हसून विचारायचे. मग चिलीच्या तांब्याच्या खाणींनी तंत्रज्ञ मागायला सुरुवात केली आणि हसणाऱ्यांचीच पोरं प्रवेशासाठी रांगेत उभी राहिली. बाईंचा विश्वास एकाच गोष्टीवर, श्रुतलेखनावर. कान, डोकं आणि हात या तिघांना एकत्र बसवायचं असेल तर वाचून दाखवा आणि लिहून घ्या, दुसरा मार्ग नाही, असं त्या म्हणत. नवी मंडळी त्यांना जुनाट म्हणायची. बाई कोणाला भीक घालत नव्हत्या.

आणि गंमत पाहा, ‘ध्वनिसेतू’ नावाच्या कंपनीने शेवटी याच जुनाट श्रुतलेखनावर यंत्र काढलं. त्याचं नाव कर्णिका. कानामागे चिकटवायची चकती आणि मनगटावर एक पट्टी, बस्स. विचार तसा साधा होता. परकी भाषा ऐकणारा माणूस मनातल्या मनात आधी मराठीत येतो आणि मग पुन्हा परक्या भाषेत जाऊन लिहितो. या येण्याजाण्यात सगळा उशीर होतो. मेंदूतला ऐकण्याचा भाग आणि हात हलवण्याचा भाग यांच्यात एक थेट पायवाटही असते, पण ती वापराविना बुजलेली असते. कर्णिका नेमक्या क्षणी विजेचे अगदी हलके ठोके देऊन दोन्ही भाग एकदम जागे करायची. एकदम जागे होणारे भाग हळूहळू जोडले जातात, पायवाटेचा रस्ता होतो. दीड महिन्यात पोरं ऐकता ऐकता लिहू लागली. दोन वर्षांचं काम एका सत्रात उरकलं आणि कुलगुरूंनी सत्कार करून घेतला.

आणखी एक गोष्ट शास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक होती, पण सत्काराच्या दिवशी ती कोणी बोललं नाही. ‘लाथ मारली’ हे शब्द कानावर पडले की ऐकणाऱ्याच्या पायाचे स्नायू किंचित तयार होतात. ‘पकडलं’ म्हटलं की बोटं तयार होतात. हालचाल होत नाही, कारण कपाळामागचा मेंदूचा भाग तिला लगाम घालून धरतो. हाताला लिहायची मोकळीक मिळावी म्हणून कर्णिका तो लगाम थोडा सैल करायची. जोपर्यंत हातात पेन होतं, तोपर्यंत सैल झालेलं सगळं पेनातून कागदावर उतरत होतं.

पेन खाली ठेवलं तर काय होईल, हे कोणी पाहिलंच नव्हतं. कंपनीच्या पद्धतीत पेन खाली ठेवायची वेळच येत नसे. एकदाच वाचायचं आणि ऐकता ऐकता लिहायचं.

बाईंची पद्धत तीन वाचनांची होती. पहिलं वाचन नुसतं ऐकायचं, पेन बाजूला, हात रिकामे. दुसरं सावकाश, लिहिण्यासाठी. तिसरं तपासण्यासाठी. वर्षभर त्यांनी कंपनीची पद्धत मुकाट्याने चालवली, पण पोरं लिहितात आणि काय लिहिलं ते त्यांना सांगता येत नाही, हे त्यांना खुपत होतं. एकदा त्यांनी पीयूषला विचारलं होतं, “लिहिलंस ते काय आहे रे?”

“मले काय माईत, मॅडम? हातानं लिहिलं,” तो म्हणाला होता, आणि वर्ग हसला होता.

बाई हसल्या नव्हत्या. सत्रान्त परीक्षेला मी माझ्या पद्धतीने वाचेन, असं त्यांनी ठरवलं. पोरांनी आधी अर्थ ऐकावा, मग लिहावं. हेतू सोन्यासारखा होता. करायला गेलं एक आणि झालं भलतंच, असं आपण म्हणतो ते अशाच सोन्यासारख्या हेतूंबद्दल.

उतारा त्यांनी स्वतः रचला होता. बंदरावरच्या दोन हमालांचं भांडण. भूतकाळ शिकवायला भांडणासारखं साधन नाही, असं त्या नेहमी सांगत, कारण भांडणात क्रियापदांची नुसती रेलचेल असते. बाकं समोरासमोर लावली होती. समोरच्याचं अक्षर उलटं दिसतं, नक्कल करता येत नाही, म्हणून श्रुतलेखनाच्या परीक्षेला तिथे तशीच बैठक असे. सुमेध आणि पीयूष एका खोलीत राहायचे, एका ताटात जेवायचे, त्यांनी मुद्दाम समोरासमोर जागा घेतली. कर्णिका नेहमीसारख्याच सगळ्यांच्या कानामागे होत्या.

“पेन खाली ठेवा. पहिल्या वाचनात फक्त ऐकायचं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

*पेद्रो उठला. त्याने हात पुढे केले. त्याने समोरच्याचा गळा धरला.*

बाकं सरकल्याचा आवाज झाला. बाईंची नजर कागदावर होती. वाचताना नजर कागदावरून काढली की ओळ चुकते, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. काहीतरी पडलं. कोणीतरी ओरडलं, “मॅडम, थांबा!”

आता ज्याने कधी श्रुतलेखन घातलं असेल त्याला ठाऊक आहे. ‘मॅडम, थांबा’ हे शब्द त्या तासाला पोरं श्वासासारखे घेतात आणि सोडतात. थांबा, मागं राहिलो. थांबा, जरा हळू. आणि श्रुतलेखन घालणाऱ्याचा पहिला नियम असा की थांबायचं नाही. एकदा थांबलं की पोरं रोज थांबवतात. बाईंनी आयुष्यभर त्या शब्दांकडे काणाडोळा केला होता. त्या दिवशीही केला. गोंगाट वाढला तसा त्यांनी आवाज चढवला.

*त्याने अंगठे रुतवले. त्याने जोर लावला. त्याने आणखी जोर लावला.*

“मॅडम, थांबा! मॅडम!”

*त्याने सोडलं नाही.*

मग मोडल्याचा आवाज आला. तो लहानसा होता, वाळकी काडी मोडावी तेवढाच. बाईंनी तेव्हा मान वर केली.

·

पोलिसांनी पीयूषला नेलं. मेलेला एकच होता, त्यामुळे खुनीही एकच. बाकीच्या पोरांची मारामारी ठरली, परीक्षेच्या ताणाने डोकी फिरल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. आदल्या दिवशी पीयूष आणि सुमेध पंख्यावरून भांडले होते, एकाला हवा होता, एकाला नको होता. तेवढ्या सुतावरून पोलिसांनी स्वर्ग गाठला.

बाई त्याला भेटायला तुरुंगात गेल्या. पीयूष बाकावर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. त्याच्या मानेवर सुमेधच्या नखांच्या खुणा अजून काळ्यानिळ्या होत्या.

“हात काढ रे बाहेर, मुंग्या येतील,” बाई म्हणाल्या.

“नाई, मॅडम. राहू द्या तिथीच.”

“पीयूष, काय झालं ते मला सांग.”

“मी ओरडू राह्यलो होतो, मॅडम. सुमेधबी ओरडू राह्यला होता. आमचे तोंडं आमचेच होते, पन हात आमचे नोयते.” तो रडायला लागला. डोळे पुसायलाही त्याने हात काढले नाहीत, खांद्याला गाल घासला. “त्याचे डोये पाह्यले मी. तो मले म्हने, सोड बे. मले बी सोडाचंच होतं. मायीची आन, मॅडम, मले सोडाचंच होतं.”

मघापासून बाईंना जे कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं, ते आता टाळता येण्यासारखं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी घरात स्वतःच्या कानामागे कर्णिका लावली. पोरांना धीर यावा म्हणून त्या वर्षभर वर्गात ती लावत, त्यामुळे त्यांचा मेंदूही पोरांइतकाच तयार झालेला होता. फोनवर त्यांनी स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं ध्वनिमुद्रित केली: *तिने कप उचलला. तिने तो भिंतीवर फेकला.* हातात पेन धरून ती ऐकली. हाताने सुंदर अक्षरात दोन वाक्यं लिहिली. मग पेन टेबलाखाली टाकून दिलं आणि पुन्हा ऐकलं.

चहाचा भरला कप भिंतीवर फुटला. चहा खाली ओघळत होता आणि बाई आपल्या हाताकडे बघत होत्या. त्यांनी ठरवून हात मागे ओढला होता, सगळा जीव एकवटून ओढला होता. हाताने ऐकलं नाही. नेमकं बोलायचं तर हाताने फक्त ऐकलं.

दुसरा कप समोर ठेवून त्यांनी ते पुन्हा करून पाहिलं, या वेळी ध्वनिमुद्रण मध्येच बंद केलं. आवाज थांबला तसा हात टेबलावर पडला, कपापर्यंत पोचलाच नाही. बाई खाली बसल्या. पहिल्या प्रयोगाने त्यांना आनंद झाला होता, पीयूष सुटणार म्हणून. दुसऱ्याने त्यांना हुंदका फुटला.

ही बातमी त्यांनी या प्रकरणासाठी नेमलेल्या सरकारी चौकशी समितीला कळवली, आणि दोनच दिवसांनी कंपनीचे वकील रणदिवे दारात हजर. गोड बोलणारा माणूस. बाईंच्या हातचा चहा घेतला, साखर जरा जास्तच मागितली.

“मॅडम, आमच्या पुस्तिकेत स्पष्ट आहे, वाचन एकदाच, पेन हातात. तुम्ही तीनदा वाचायचं ठरवलंत. कोणाला विचारून?”

“पेन हातातच का, ते पुस्तिकेत नव्हतं. वेळ वाचतो, एवढंच लिहिलंय.”

“नसेल. पण समजा, तुम्ही यंत्राचा दोष सिद्ध केलात. लोक पुढचा प्रश्न काय विचारतील? पेन कोणी खाली ठेवायला लावलं? उतारा कोणी लिहिला? आणि पोरं ओरडत असताना वाचत कोण राहिलं?” त्यांनी कप खाली ठेवला. “तो पोरगा काही वर्षांनी सुटेल. तुम्ही आयुष्यभर सुटणार नाही. मी तुमच्या भल्याचं सांगतोय.”

“चहा झाला असेल तर निघा,” बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचाच राग आला, कारण तो माणूस म्हणाला त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

·

समितीचं कामकाज विद्यापीठाच्याच सभागृहात भरलं. निवृत्त न्यायमूर्ती सरोदे अध्यक्ष. खुनाचा खटला चालवायचा की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. पहिल्या रांगेत सुमेधचे वडील, मिलिंद तायडे, बसले होते. एसटीच्या डेपोत विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा माणूस, रुंद पंजे, इस्त्री केलेला पांढरा सदरा. पीयूषला आणलं तेव्हा त्यांनी मान फिरवली. पीयूष सुट्टीत त्यांच्या घरी जेवायला यायचा.

प्रयोगासाठी नर्सिंग कॉलेजातून रबरी पुतळा आणला होता. पीयूषला कर्णिका लावली, हातात पेन दिलं. बाईंनी उतारा वाचला, तो लिहीत गेला. पेन काढून घेतलं, बाईंनी पुन्हा वाचलं, आणि त्याचे हात पुतळ्याच्या गळ्यावर गेले. रबर पिळवटलं.

रणदिवे हसले. “न्यायमूर्ती महाराज, रबराचा गळा मीही दाबेन. सुटका होणार असेल तर कोण दाबणार नाही? तुरुंगात सरावाला वेळ भरपूर मिळतो.”

सभागृहात कुजबुज झाली. सरोद्यांनी चष्मा काढून पुसला. “निंभोरकर बाई, त्यांच्या बोलण्यात अर्थ आहे. हे नाटक नाही, हे कसं ठरवायचं?”

बाईंनी पुतळ्याला धक्का दिला, तो धप्पकन खाली पडला. त्या त्याच्या खुर्चीत बसल्या, पीयूषच्या समोर, हातभर अंतरावर.

“मॅडम, नको,” पीयूष म्हणाला.

त्यांनी वाचायला सुरुवात केली.

*त्याने हात पुढे केले. त्याने समोरच्याचा गळा धरला.*

हात आले. बाईंना वाटलं होतं त्यापेक्षा ते गरम होते. “मॅडम, थांबा!” पीयूष किंचाळला, त्याच्या तोंडातून थुंकी उडाली, मान तो मागे ओढत होता, पाय फरशीवर घासत होता, फक्त खांद्यापासून पुढचं त्याचं अंग त्याचं नव्हतं. *त्याने अंगठे रुतवले.* बाईंच्या डोळ्यांपुढे लाल झालं. *त्याने जोर*—

वाक्य घशातच अडलं. आवाज थांबला आणि हात गळून पडले.

दोन शिपाई धावले होते. बाईंनी हात उंचावून त्यांना जागीच रोखलं, खरखरत एक श्वास घशातून ओढला आणि पुढे वाचलं. *त्याने जोर लावला.* हात पुन्हा वर आले, तंतोतंत त्याच जागी बसले. “अवं नका ना वाचू! कोनी थांबवा ना यायले!” पीयूष ओरडत होता आणि त्याचे अंगठे बाईंच्या गळ्यात उतरत होते. बाईंच्या नाकातून रक्त आलं. पुन्हा आवाज तुटला, पुन्हा हात खाली पडले. तिसऱ्यांदा त्यांनी ओठ हलवले तेव्हा सरोद्यांनी टेबलावर मूठ आपटली.

“काढा! काढा ते यंत्र त्याच्या कानावरून! पुरे झालं!”

शिपायाने कर्णिका ओढून काढली. चकतीबरोबर थोडे केसही आले. रणदिवे खाली बसले आणि कागद उलटसुलट करू लागले. कंपनीची बाकीची माणसं काखा वर करायच्या तयारीने एकमेकांकडे पाहत होती. सरोदे लेखनिकाला हळू आवाजात काही सांगत होते आणि त्यात ‘हेतू दिसत नाही’ हे शब्द सगळ्यांनी ऐकले. पीयूषच्या आईने मागच्या रांगेत तोंडाला पदर लावला. पोरगा सुटला होता.

मिलिंद तायडे उठून उभे राहिले. सावकाश चालत बाईंच्या खुर्चीपर्यंत आले. कोणी अडवलं नाही, मेलेल्या पोराच्या बापाला कोण अडवणार.

“मॅडम, एक विचारू?”

बाईंनी मान हलवली.

“तुमचा आवाज बंद झाला की हात बंद झाले. म्या पाह्यलं आता. दोनदा पाह्यलं.”

“हो.” घशातून जेमतेम आवाज निघाला.

“मंग त्या दिवशी तुमी वाचनं बंद केलं असतं तं…”

“तर सुमेध वाचला असता.”

हा प्रश्न येणार, हे बाईंना रविवारी सकाळीच कळलं होतं, आणि उत्तरही तेव्हाच ठरलं होतं. तरी ते उच्चारताना त्यांना वाटलं, मघाचे अंगठे परवडले.

“पोट्टे थांबा म्हनत होते ना?”

“म्हणत होते.”

“तुमाले आयकू आलं नाई?”

खोटं बोलायला हीच एक जागा होती. गोंगाट होता, असं म्हणता आलं असतं. रणदिवेंसकट सगळ्यांनी ते मान्य केलं असतं.

“आलं,” बाई म्हणाल्या. “सगळं ऐकू आलं. मला वाटलं नेहमीसारखंच म्हणतायत. मी आवाज चढवला.”

तायड्यांनी त्यांच्या तोंडावर मारलं. उघड्या पंज्याने, सगळा खांदा घालून. बाई खुर्चीसकट आडव्या झाल्या, ओठ फाटला, डोकं फरशीवर आपटलं. तायड्यांनी वाकून त्यांना खांद्याला धरून अर्धं उठवलं आणि दुसऱ्यांदा मारलं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचे शिंतोडे उडाले. ते रडत होते, मोठ्याने, आणि मारत होते. बाईंनी हात वर केला नाही. त्यांना मार चुकवायचाच नव्हता. शिपाई बाकांमधून वाट काढत होते, सरोदे ओरडत होते, आणि तायड्यांचा पंजा तिसऱ्यांदा वर गेला.

तो खाली आला नाही. मागून कोणीतरी त्यांचं मनगट धरलं होतं.

तायड्यांनी वळून पाहिलं. पीयूष होता. त्याच्या कानामागे काही नव्हतं, केस उपटले होते तिथे फक्त लाल चट्टा होता. दोन्ही हातांनी त्याने ते जाड मनगट धरलं होतं. याच हातांनी आपल्या पोराचा जीव घेतला, हे बापाला दिसत होतं. पीयूषलाही दिसत होतं.

“काका, बस,” पीयूष म्हणाला. “बस झालं.”

तायड्यांनी हिसका दिला. पकड सुटली नाही.

“सोड,” ते म्हणाले. मग सगळं सभागृह दणाणेल इतक्या मोठ्याने ओरडले, “सोड म्हनतो ना तुले!”

पीयूषने ऐकलं. हात सोडला नाही.